थोरल्या दिरांचा लॉट

शेंद्र्याच्या कंपनीत मला थोरल्या दिरांनीच चिकटवलं. त्यांनी साहेबांकडं शब्द टाकला, म्हणून मी मेंढरं सोडून माल तपासायला लागले. टाकलेला शब्द मागं घ्यायला त्यांना कितीसा वेळ लागणार होता? घरात ते माझ्याशी बोलत नसत. थोरल्या दिरानं भावजयीशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी समोर उभी असले तरी सासूबाईंना सांगायचे, "तिला म्हणावं, चहा टाक." सासूबाई मला सांगायच्या, मग मला ऐकू यायचं.

परवा कंपनीनं आमची वागणूक सुधारायला पुण्याहून एक मॅडम आणल्या. मॅनर्स वेगळे, बिहेवियर वेगळं, कंडक्ट त्याहून वेगळा, यात त्यांनी अख्खी सकाळ घालवली. मॅनर्स म्हणजे वरवरचं, चारचौघांत दिसणारं. बिहेवियर म्हणजे रोजचं. आणि अडचणीत सापडल्यावर माणूस जे करतो, तो कंडक्ट. आमच्याकडं तिन्हींना मिळून एकच शब्द, वागणूक, आणि ती सांभाळायची एकट्या सुनेनं.

मग मॅडमनी उदाहरण विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, तर त्यांनी नेमकं मलाच उठवलं. पुढच्याच खुर्चीवर दीर बसलेले. आदल्या दिवशी त्यांच्या मशीनवर मालाला पाडलेली भोकं जागेवरून सरकली होती आणि त्या अख्ख्या लॉटला बाद केल्याचा लाल टॅग मीच लावला होता. तेव्हापासून ते घरात आईशीसुद्धा बोलले नव्हते. मला दुसरं काही सुचेचना.

"थोरले दीर आले की पदर सावरून उठायचं, हे मॅनर्स. त्यांचा माल चुकला की बाद करायचा, हा कंडक्ट."

हॉल खो खो हसला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं काय जातं, त्या संध्याकाळी पुण्याला निघणार होत्या. मला दिरांच्याच घरी जायचं होतं.

नोकरी गेली असं धरूनच मी भाकरी वाढायला घेतली. दिरांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

"भोकं सरकलेली तुला कधी दिसली?"

"सकाळीच. पहिल्याच नगाला."

"मग तवाच का नाय सांगितलं? लॉट वाचला असता की."

मी सासूबाईंकडं बघितलं. "तुमच्याशी बोलायचं नसतं ना," मी म्हटलं.

त्यांनी ताट भाकरीसाठी पुढं सरकवलं. "उद्यापासून बोलत जा," म्हणाले.

सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "कंपनीत जाऊन दोघांचीबी वागणूक बिघडली," त्या म्हणाल्या.