सर्व्हरची सुट्टी

खिदिरपूरच्या आमच्या शिपिंग ऑफिसात सर्व्हर एकच, पण त्याचे किस्से पोत्याने! पुण्याला माहेरी गेले की भाऊ चहाच्या आधी विचारतो, "काय म्हणतोय तुमचा सर्व्हर?" मग एकातून दुसरा निघत जातो आणि चहा गार होतो.

सर्व्हर सांभाळायला आम्ही दोघंच. मी आणि माझे साहेब सेनदा. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी कलकत्त्याला आले. सेनदा मात्र बालीगंजचेच. घरी म्हातारी आई, सकाळी मासळीबाजार. यातलं काही सोडून दुसऱ्या गावी राहायची कल्पनाही त्यांना सहन होत नाही.

* * *

रोजचा बॅकअप, म्हणजे सगळ्या कामाची दुसऱ्या डिस्कवर कॉपी, आम्ही क्रॉनवर लावला. क्रॉन म्हणजे सर्व्हरमधला सांगकाम्या. वेळ आणि काम लिहून ठेवलं की आपण मोकळे. आम्ही वेळ दिली मध्यरात्रीची. एकदाही झाला नाही!

स्क्रिप्ट, म्हणजे त्याला लिहून दिलेल्या सूचना, बघितली, डिस्क बघितली, सगळं ठणठणीत. शेवटी कळलं, दरवानजी कुलूप लावताना मेन स्विच बंद करतात आणि सकाळी आमच्या आधी येऊन चालू करतात. का? तर "वीज वाचवा" अशी पाटी तिथे सेनदांनीच लावलेली!

मग बॅकअप दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणला. "भात-माछ समोर असताना कीबोर्डला हात लावणारा बंगाली मला दाखव," सेनदा म्हणाले. अजून सापडलेला नाही.

* * *

महिन्यातल्या पहिल्या सोमवारी, चहाच्या वेळेला, सर्व्हर आपोआप रीस्टार्ट व्हावा असं ठरलं. मी क्रॉनमध्ये लिहिलं: तारीख एक ते सात, वार सोमवार. आता यात काय चुकलं, सांगा?

क्रॉन तारीख आणि वार दोन्ही दिले की कुठलंही एक जुळलं तरी धावतो. त्यामुळे पहिला आठवडाभर रोज रीस्टार्ट, वर महिन्याचे बाकीचे सोमवार! लोक कस्टम्सचे कागद भरतायत आणि स्क्रीन काळी. सगळं ऑफिस माझ्या नावाने शंख करत होतं.

सेनदा तेवढे शांत. "जावयाला एक दिवस जेवायला बोलावलं," ते म्हणाले, "तर हा मुक्कामालाच आला!"

* * *

टेम्प नावाच्या फोल्डरमधला कचरा दर शनिवारी आपोआप साफ होतो. एका सोमवारी डॉक्युमेंटेशनची मौमिता रडत आली. तिचे सगळे महत्त्वाचे कागद त्याच फोल्डरमध्ये!

"अगं बाई, तिथे कशाला ठेवलेस?"

"दीदी, कचऱ्याच्या डब्यात चोर कशाला हात घालेल?"

बॅकअपमधून कागद परत मिळाले, तेव्हा तिने आम्हाला मिष्टी दोई, इकडचं गोड दही, खाऊ घातलं. बॅकअपचं कौतुक होण्याची आमच्या ऑफिसातली ती पहिली आणि शेवटची वेळ.

* * *

आमची स्क्रिप्ट शेवटी मेल पाठवते: "बॅकअप यशस्वी." मुंबईचं हेडऑफिस रोज तो मेल बघून खूश. एकदा सेनदांनी सुरक्षित राहावी म्हणून बॅकअपची डिस्क बाजाराच्या पिशवीतून घरी नेली आणि आणायचीच विसरले. डिस्क बालीगंजला, इलिश माशाच्या शेजारी. मेल मात्र रोज चालूच, "यशस्वी"! झालं असं की स्क्रिप्टला मेल पाठवायला सांगितलं होतं, काम झालं का ते बघायला कुणी सांगितलंच नव्हतं.

मुंबईने एक जुनी फाइल मागितली, तेव्हा हे उघड झालं. मुंबईचे कुलकर्णी साहेब फोनवर कडाडले, "यापुढे एक जरी बॅकअप चुकला, तरी सर्व्हर मुंबईला येईल आणि त्याच्याबरोबर सेनसुद्धा!"

सेनदा दिवसभर जेवले नाहीत. आईला काय सांगू, एवढंच म्हणत होते. मला फार वाईट वाटलं.

* * *

सेनदांची क्रॉनवर एक जुनी तक्रार. "दुर्गापूजेची सुट्टी याला कळत नाही. पंचांग वाचायला शिकव की!" आता तिथी दरवर्षी हलते, क्रॉन बिचारा काय करणार? पण विश्वकर्मा पूजा सूर्यावर चालते, तारीख बहुधा तीच. म्हणून तिचं त्यांना भारी प्रेम. त्या दिवशी इकडे यंत्राला काम लावत नाहीत, पूजा करतात. सेनदांनी स्वतः क्रॉनमध्ये लिहून ठेवलंय: या दिवशी सगळी कामं बंद.

मी म्हटलं, "सेनदा, यंदा तरी ती ओळ काढा. मुंबईची धमकी आठवतेय ना?"

त्यांनी नुसती मान हलवली. ओळ काही काढली नाही.

* * *

आणि नेमके त्याच दिवशी कुलकर्णी साहेब तपासणीला हजर! बाहेर गच्च्यांवरून पतंग उडतायत, आत सर्व्हरला झेंडूचा हार, शेंदूर, समोर फळांचं ताट.

"आजचा बॅकअप चालवून दाखवा," साहेब म्हणाले.

मी मराठीत म्हटलं, "साहेब, उद्या दोनदा चालवते ना!"

"जोशीबाई, तुम्ही मध्ये पडू नका."

सेनदा हात जोडून उभे राहिले. हिंदीत म्हणाले, "साहेब, बदली करा. आईला मी समजावीन. पण आज याला काम लावणार नाही."

कुलकर्णी साहेब हाराकडे बघत राहिले. मग बाहेर जाऊन बूट काढून आले, नमस्कार केला, प्रसाद घेतला. रिपोर्टसाठी लॅपटॉप उघडला, काय वाटलं कोण जाणे, मिटला आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला.

"लिहा, जोशीबाई. आज बॅकअप नाही. कारण, नियोजित देखभाल."

मी लिहिलं. साहेब सेनदांकडे वळले.

"पुढच्या वर्षीपासून तारीख आधी कळवत जा. आमच्या दसऱ्याची मी कळवीन!"