मास्तरांच्या जंगलाची ट्रायल

आमच्या शेजारचे टेलरमास्तर जगातली कुठलीही गोष्ट ट्रायलशिवाय पुरी करत नाहीत. लग्नाचा कोट असो नाहीतर उशीचा अभ्रा, आधी कच्चा टाका, मग ट्रायल, मग खडूच्या खुणा आणि त्यानंतरच पक्की शिवण. वहिनी सांगतात, "लग्न ठरायच्या आधी हे आमच्याकडे सारखे चहाला यायचे. मला वाटलं, चहा आवडला असेल."

मास्तर बुटके, गोल, आणि गळ्यात कायम टेप. ती टेप ते फक्त अंघोळीच्या वेळी काढतात, असं मी सगळ्यांना सांगत असतो. खरं तर तेव्हा तरी काढतात का, देव जाणे. दुकान खाली, घर वर, आणि त्यांच्या-माझ्या बाल्कनींमध्ये एक पातळ भिंत. त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडण मला वेगळं विचारावं लागत नाही.

आणि भांडण एकच. वहिनींना फिरायला जायचं असतं आणि मास्तरांच्या दुकानात तेव्हाच नेमकं कुणाचं तरी लग्न उभं राहतं. वहिनी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायच्या, नुकत्याच निवृत्त झाल्या. निवृत्तीचा हार उतरवून ठेवला आणि त्याच दिवशी जाहीर केलं, "आयुष्यभर काचेखाली बारके जीव बघितले. आता मला मोठे बघायचेत."

त्यांनी बेत आखला तोही साधासुधा नाही. एक दूरचं बेट. आधी समुद्रकिनारा, वाळूत अंडी घालायला येणारी कासवं. मग होडीतून आत, बारमाही पावसाच्या जंगलात. तिथं लाल डोळ्यांचे बेडूक, हातभर चोचीचे पक्षी, माकडं. राहायला इको-लॉज: झाडावर झोपडी, पानांचं छप्पर, उन्हावर चालणारे दिवे, अंघोळीला पावसाचं पाणी. पंखा नाही.

"म्हणजे लाइट गेलेल्या घरात राहायला एवढ्या लांब जायचं?" भिंतीपलीकडून मास्तरांचा आवाज.

"अहो, निसर्ग आहे तो!"

"निसर्गाला पंखा चालत नाही का?"

मग आवाज खाली आले. एवढे खाली की मी भिंतीला कान लावला. तेवढ्यात वहिनी बाल्कनीत आल्या आणि त्यांनी मला रंगेहाथ पकडलं.

"भावजी, ऐकलंतच आहे तर सांगते. मी रागाने म्हटलं खरं, एकटी जाईन. पण एकटी जाऊन तो बेडूक दाखवू कुणाला? ह्यांनाच दाखवायचाय मला."

लॉजवाल्या बाईंनी झोपडी रविवार संध्याकाळपर्यंत राखून ठेवली होती. हो म्हणा, नाहीतर सोडा. शेवटी मास्तरांनी तोंड उघडलं. "ट्रायल घेऊ. मग बघू."

रविवारी दुपारी गच्चीवर जंगल उभं राहिलं. सगळ्या बिऱ्हाडांच्या कुंड्या मी स्वतः वाहून वर आणल्या. दोन तर न विचारता. वहिनींनी मोबाइलवर बेडकांचं ओरडणं लावलं. पावसाचं खातं माझ्याकडे होतं, म्हणजे मी पाण्याच्या टाकीवर, हातात नळी. अशी जबाबदारी मी सहसा सोडत नाही.

मास्तर आले ते पानासारखा हिरवा शर्ट घालून. लॉजच्या सूचनांमध्ये लिहिलं होतं, कपडे झाडापानांत मिसळतील असे घाला. कुणाच्या तरी पडद्यातून उरलेलं कापड होतं, पण शिवण अशी की बेडकानेही वळून बघावं. त्याला पितळी बटणं, आरशासारखी चकचकीत. हातात प्रवासाची बॅग आणि छत्री, खांद्यावर त्यांनीच शिवलेली मच्छरदाणी. तिच्या दाराला खालपासून वरपर्यंत तसलीच बटणं.

"मुंगीसुद्धा शिरायची नाही," मास्तर म्हणाले, कुंड्यांमध्ये आधीच अंथरलेल्या सतरंजीवर ती टांगली आणि आत जाऊन पडले. वहिनींनी बाहेरून सगळी बटणं लावली.

मी पाऊस सुरू केला. बेडूक ओरडू लागले. वहिनींचा चेहरा असा फुलला, जणू होडीतच बसल्यात. आणि तेवढ्यात मच्छरदाणीत काहीतरी हललं. खालच्या मजल्यावरची गलेलठ्ठ मांजर सावली बघून आधीच सतरंजीखाली झोपली होती. मास्तर नेमके तिच्या शेपटीवर पडले होते.

पुढचं मी टाकीवरून बघितलं, त्यामुळे पूर्ण बघितलं. आत मांजर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, मास्तर तिच्या उलट दिशेने. "उघड! अगं, उघड!" आयुष्यभर मास्तरांनी शर्ट शिवले. शर्टाची बटणं बाहेरून लावायची असतात, तशीच त्यांनी दाराचीही बाहेरून लावली होती. आतून उघडायची सोयच नव्हती. वहिनींना हसू आवरत नव्हतं, बटणं सुटता सुटत नव्हती, आणि गडबडीत मी पाऊस थांबवायचा विसरलो. विसरलोच, असं मी अजूनही सगळ्यांना सांगतो.

मांजर सुटली. तिच्यामागून मास्तर बाहेर आले. टकलावरून पाणी ओघळतंय, टेप ओली होऊन गळ्याला चिकटलेली. त्यांनी मच्छरदाणीकडे पाठ फिरवली. वहिनींचं हसू विरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला नळी कुठे लपवावी ते कळेना. संध्याकाळ व्हायला आली होती. झोपडी आता दुसऱ्या कुणाला तरी मिळणार, हे उघड होतं.

मास्तरांनी पँटच्या खिशातून प्लॅस्टिकची डबी काढली आणि डबीतून खडू. मच्छरदाणीचं दार पिळून, सुकं करून त्यावर फुली मारली. "बटणं आतून पाहिजेत." मग जमिनीवर रेघ ओढली. "झोपायची जागा लांबीला कमी." स्वतःच्या बाहीवर खूण. "हात वर केला की ओढतं." बॅगेवर फुली. छत्रीवर फुली. बेडकांचा आवाज येत होता त्या मोबाइलवरही मारली असती, पण वहिनींनी तो उचलला.

उचलला आणि सरळ लॉजवाल्या बाईंना फोन लावला.

मी टाकीवरून धडपडत उतरलो. "वहिनी, थांबा! लगेच रद्द नका करू. मी समजावतो मास्तरांना."

"रद्द कोण करतंय?"

"अहो, फुल्यांवर फुल्या मारतायत ते!"

"भावजी, तुम्ही नुसतंच भिंतीला कान लावता. दुकानात कधी बसला नाहीत." वहिनींचे डोळे चमकत होते. "ज्या कापडाचं काही व्हायचं नाही, त्याची हे घडी घालतात आणि गोड बोलून परत देतात. खडू लावत नाहीत. आजवर मी कितीतरी ठिकाणं सुचवली. दर वेळी गोड बोलले. खडू आज पहिल्यांदा निघाला."

मी मास्तरांकडे बघितलं. ते गुडघ्यांवर बसून सतरंजीचं माप घेत होते, कान मात्र आमच्याकडे. टक्कल लाल झालं होतं.

"बघतेस काय?" ते मान वर न करता म्हणाले. "हो म्हण तिला. मला अजून बटणं फिरवायचीत."

"हॅलो," वहिनी फोनमध्ये म्हणाल्या, "हो, आम्ही येतोय. दोघं."

"अगं, एक विचार," मास्तर स्वतःच्या छातीवरची चकचकीत बटणं चाचपत म्हणाले. "तिथल्या माकडांना बटणं काढता येतात का?"

वहिनींनी विचारलं, पलीकडचं ऐकलं आणि खळखळून हसल्या.

"येतात म्हणे. आतूनही आणि बाहेरूनही."

मास्तरांनी निमूटपणे शर्टावर खडूने फुली मारली.