सुकलालचा बूस्टर आणि मेहुण्याचं गाणं

सुकलालला ‘असं का?’ विचारायची खोडच होती. खानदेशातून सुरतेला आला, लिंबायतमध्ये लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मागावर लागला, पण डोकं सदा भलतीकडेच. व्हॉल्व्हचा जुना रेडिओ घरी आणला, तर तो एरवी कण्हायचा आणि खात्याच्या सुटीला ठणाणा करायचा. दुसरा असता तर दोन चापट्या मारून मोकळा झाला असता. हा कसला ऐकतोय! रेडिओशेजारी बल्ब लावून पठ्ठ्या बघत बसला. माग सुरू झाले की बल्ब पिवळा, थांबले की लख्ख!

“अगं, गल्लीतली सगळी वीज मागच खातात,” तो बायकोला, रंभाबाईला म्हणाला. “उरलीसुरली आपल्याला!”

मग त्यानं बूस्टर आणला. त्याचा खटका वर केला की रेडिओला वीज वाढवून मिळायची. माग थांबताच खटका खाली आणायचा, नाहीतर रेडिओ जळालाच म्हणून समजा. बल्बवर नजर, खटक्यावर हात. यात त्याला कोण मौज वाटायची!

बहात्तर साली रंभाबाईचा भाऊ पोपट मुंबई आकाशवाणीवर गाणार होता. तिकडे गिरणीत बदली कामगार. गळा मात्र सोन्याचा. बाईनं अख्ख्या गल्लीत दवंडी पिटली. सुकलालला घास गोड लागेना. ऐन वेळी रेडिओनं दगा दिला तर बायकोला तोंड कसं दाखवायचं?

त्या दुपारी माग जोरात चालले होते. त्यानं खटका पार वर चढवला. आवाज खणखणीत! तेवढ्यात खात्यातला चिंधा आला, मागून आणखी माणसं. खोली गच्च भरली, एकच गलका उडाला, बल्ब कुणाच्या तरी पाठीआड गेला.

“आता गात आहेत श्री पोपट मोतीराम सोनवणे...” निवेदिका म्हणाली, आणि फट्! काळा धूर. रेडिओ गप्प.

“माग कुणी बंद केले रे?” सुकलाल ओरडला.

“आम्हीच,” चिंधा म्हणाला. “शेजारच्या खात्यांतलेपण. शेठ जेवायला गेलाय. म्हटलं, वहिनींच्या भावाचं गाणं, त्यात आपला खडखडाट कशाला?”

आता यांना काय बोलणार, कप्पाळ! सुकलालचे डोळे भरून आले. “माझ्यामुळं गेलं गं गाणं.”

रंभाबाई धुरकटलेल्या रेडिओकडे बघत होती.

“गाणं काय, लहानपणापासून ऐकते मी,” ती म्हणाली. “पण श्री म्हणाली हो ती त्याला. आमच्या पोपटला जन्मात कुणी श्री म्हटलं नव्हतं.”