सुनंदाचं बियाणं

सुनंदा शेतात आली की आधी चिमूटभर माती जिभेवर ठेवायची. मग थुंकायची आणि म्हणायची, "मावशी, अजून चालेल." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिला डोहाळे लागलेत. तोंडावर विचारलंसुद्धा. ती हसली. "लग्नच नाही झालं माझं. जमीन किती खारट झालीय ते बघते."

ती बोरिवलीला एका संस्थेत कामाला होती. होडीने खाडी ओलांडून आमच्या गोराईत यायची. खाडीचं पाणी शेतात शिरतं म्हणून बहुतेकांनी भात लावणं सोडलं होतं. तिने खारं पाणी सोसणारं बियाणं आणलं. ते घेतलं फक्त मी. माझ्याकडे जमिनीचा तो एकच तुकडा उरला होता. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावर माती घालायला तिने घरोघर जाऊन बोलावलं. पूर्वी घरटी एक माणूस यायचंच. आता कोणी आलं नाही. आम्ही दोघींनीच टोपल्या वाहिल्या.

"हे भात खारं सोसतं, पण तान्हेपणी नाही. पावसाने माती धुतली जाईपर्यंत सांभाळा," हे तिने इतक्यांदा सांगितलं की मी वैतागले.

लावणी झाली आणि पावसाने दडी मारली. त्यात गटारी आली. श्रावणाआधी सगळ्यांना मासळी हवी. अवसेच्या भरतीला माझ्या दिराने बांधातलं पाण्याचं दार उचलून खाडी आत घेतली आणि ओहोटीला तिथे जाळं लावलं. पाटीभर कोळंबी मिळाली.

"एका भरतीने काय होतंय, वहिनी? खारं सोसतं ना तिचं बियाणं?" वर कोळंबीचा एक वाटा त्याने मला आणून दिला.

रोपं शेंड्याकडून पांढरी पडत गेली. सुनंदाने माती चाखली आणि थुंकली. दिराला शिव्या मी दिल्या. ती त्याला एवढंच म्हणाली, "दादा, पुढच्या वर्षी दाराला कुलूप घालू."

"पुढच्या वर्षी लावणार कोण?" तो म्हणाला.

दिवाळीनंतर संस्थेने आमच्याकडचं काम बंद केलं. होडीत चढताना सुनंदाने पायलीभर बियाणं माझ्या हातात दिलं. "ठेवा, मावशी. पाऊस चांगला झाला तर पेरा."

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. पण तोवर बांध दोन जागी फुटला होता, आणि माती घालायला माझ्याबरोबर कोणी नव्हतं. मी बियाणं गिरणीतून सडून आणलं आणि शिजवलं.

तिचा फोन आला. "मावशी, पेरलं का?"

"खाल्लं," मी म्हटलं.

त्यानंतर तिने फोन केला नाही.