बारादरीतलं पाणी

“आदी पानी. मंग राजकारन.”

असं म्हणून ती पितळी लोटा पुढे धरायची. समोर सरपंच असो की मंत्री. रांजण ठेवलेला होता पायरीच्या अगदी तोंडाशी आणि ही बाई त्याच्यापुढे उभी. पाणी प्यायल्याशिवाय ती वाट सोडायची नाही.

हिंगोलीच्या जुन्या विश्रामगृहामागच्या बागेतली ती बारादरी तुम्ही पाहिली असेल. नसेल पाहिली तर फार काही चुकलं नाही. दगडी चौथरा, वर छोटा घुमट, चहूबाजूंनी कमानी. नाव बारादरी, पण कमानी मोजल्या तर आठच भरतात. उरलेल्या चार पुढाऱ्यांनी खाल्ल्या, असं गावात म्हणतात. निजामाच्या काळी कुणा अंमलदाराने संध्याकाळच्या चहासाठी ती बांधली म्हणे. निजाम गेला, अंमलदार गेला आणि पुढाऱ्यांच्या लक्षात आलं की जिथे भिंतीच नाहीत तिथे भिंतींना कान असायचा प्रश्नच नाही. मग काय! तिकिटं तिथे ठरली, तिथेच कापली गेली. सकाळच्या सभेत एकमेकांची उणीदुणी काढणारे दुपारी तिथेच गळ्यात गळा घालून बसले. मी वार्ताहर. माझी निम्मी उमर समोरच्या कडुलिंबाखाली बातमीची वाट बघण्यात गेली.

ती बागेला पाणी घालायला रोजंदारीवर होती. रांजणाचं काम तिने आपणहून अंगावर घेतलेलं. जवळच्या एका तांड्यावरची. तांड्यावर आईला याडी म्हणतात, म्हणून सगळं विश्रामगृह तिला याडीच म्हणायचं. माझ्यावर तिचा विशेष राग. “ए पेपरवाल्या, पेलास का पानी? का नुसता लोकायच्या तोंडाकडं बघून राहिला?” मी पाणी प्यायलो की तिचा राग जायचा.

एकदा एकाच पक्षातले दोन पुढारी एकाच वेळी पायरीशी आले. दोघांचं बोलणं बंद. पहिला वरून अर्धा लोटा प्यायला आणि त्याने तो परत दिला. याडीने तोच दुसऱ्यापुढे धरला.

“याचं उरलेलं मी पिऊ?” तो भडकला.

“काहून? त्याहीनं सोडलेलं तिकीट चालतं अन् पानी चालत न्हाई व्हय?”

आधी त्यांचे कार्यकर्ते हसले, मग ते दोघे. त्या दिवशी बैठक लवकर आटोपली. अशी बाई होती.

आता गंमत बघा. अख्ख्या जिल्ह्याच्या राजकारणाला पाणी पाजणाऱ्या या बाईच्या तांड्यावर उन्हाळ्यात प्यायला पाणी नसायचं. होळी झाली की विहीर तळ दाखवायची. बाया ओढ्यात झिरे उकरत बसायच्या. लोटा परत देताना साहेबलोक विचारायचे, “याडी, तुला काय पाहिजे?” आणि ही म्हणायची, “काई न्हाई. तुमी सुखी राहा.”

माझं डोकं फिरायचं. “अगं, माग की! नळ माग! रोज लक्ष्मी दारात येते आणि तू तिला पाणी पाजून वाटेला लावतेस.”

“पानी पाजलेल्याकडं मागू न्हाई, बापू. मंग ते पानी इकल्यावानी होतं. आमची मानसं बैलाच्या पाठीवर मीठ घालून मुलूखभर हिंडली. रस्त्यात ज्यानं पानी पाजलं त्यानं कदी चिमूटभर मीठ मागितलं न्हाई.”

मी तिथून उठून गेलो.

मग एका उन्हाळ्यात तिची सून पाण्यासाठी विहिरीत उतरली आणि घसरून पडली. पाय मोडला. तांड्याच्या नाईकाने चारचौघांत याडीला सुनावलं, “तुझं वळखीचं मंत्री काय लोनच्याला घालायचं का? आता तूच बोल.”

चार दिवसांनी एक मंत्री आले. सायकलवर फिरणारा साधा कार्यकर्ता होता तेव्हापासून हा माणूस याडीच्या हातचं पाणी पीत आलेला. ऊन असं की बागेतली कुत्रीसुद्धा मोरीत जाऊन पडलेली. गाडीतून उतरले, पायरीशी आले आणि सवयीने हात पुढे केला.

लोटा रांजणावर पालथा होता.

“आज पानी न्हाई, साहेब.”

“का गं? रांजण फुटला?”

“रांजन भरेल हाय. पर आज मागायचं हाय.”

तिने विहिरीचं सांगितलं, सुनेच्या पायाचं सांगितलं. हात पदरात गुंडाळलेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले, “हे काम झालं पाहिजे.” तेवढ्यात कुणीतरी गाडीतून पाण्याची बाटली आणून दिली. ती पिऊन ते आत बसले.

खोटं कशाला बोलू, माणसाने शब्द पाळला. पुढच्या होळीच्या आत तांड्यावर नळ आला. पण याडी मात्र त्या दिवसानंतर बारादरीकडे फिरकली नाही. मी तांड्यावर गेलो तर अंगणात शेंगा फोडत बसलेली.

“तहानलेल्या मानसानं हात पुढं केला अन् मी न्हाई म्हनलं. आता कोन्त्या तोंडानं रांजनापाशी उभी राहू?”

“अगं पण पाणी आलं ना!”

“आलं. सोन्यावानी आलं. पर त्याचा एक लोटा माझ्या अंगावर राहिला, बापू. येकडाव येऊ दे त्याला. पाजला की मी सुटले.”

मी साहेबांच्या माणसांकडे निरोप दिला. ते हसले. पुढे साहेब निवडणूक हरले. नवे पुढारी हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये बसू लागले आणि बारादरीत पाचोळा साचला. रांजणही कुणीतरी उचलून नेला. मी तांड्यावर गेलो की याडी पाणी द्यायची आणि मी पिऊन होईपर्यंत थांबून विचारायची, “आल्ता का?” नाही म्हणायचं माझ्या जिवावर यायचं.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. सुनेने लोटा माझ्या हातात दिला. “तुमच्यापाशी ठिवा म्हनल्या.”

आणि यंदा साहेब आले! कुणाच्या तरी लग्नाला. गाडी एकच, सोबत एक पोरगा. लग्नाला वेळ होता म्हणून जरा बारादरीत बसतो म्हणाले. मला कळलं तशी मी स्कूटर तांड्याकडे पिटाळली. नळाचं पाणी कॅनमध्ये भरलं आणि लोटा घेऊन परत आलो. ते कमानीला टेकून बसले होते. म्हातारे झालेले. समोर बाटली. मी लोटा भरून पुढे धरला.

“साहेब, हे याडीचं.”

“कोण याडी?”

खरं सांगतो, तो लोटा त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. ज्या एका लोट्यापायी तिने बारादरी सोडली, मरेपर्यंत वाट पाहिली, ते या माणसाच्या गावीही नव्हतं! पण तिने मला पाणी पाजायला सांगितलं होतं, आठवण करून द्यायला नाही. मी तसाच उभा राहिलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाटली बाजूला सारली आणि वरून घटाघटा सगळा लोटा प्यायले. थोडं सदऱ्यावर सांडलं.

“गोड आहे हो. कुठलं?”

“तुम्हीच दिलेलं.”

त्यांना काही समजलं नाही. लोटा परत देताना जन्माच्या सवयीने म्हणाले, “बोला, काय काम होतं?”

“काही नाही, साहेब. तुम्ही सुखी राहा.”

गाडी गेली. पायरीशी रांजणाची गोल खूण अजून आहे. लोटा विसळून मी त्या खुणेवर पालथा घातला आणि शेजारी बसलो. याडी, फिटला बघ तुझा लोटा. आता एकदा ये, आणि डाफर माझ्यावर. घसा कोरडा पडलाय, आणि पेलास का पानी म्हणून विचारणारं इथं कुणी नाही.