सुनेच्या बदली माऊस धरला तेव्हा

मी वाशीमला जन्मभर ब्लाऊज शिवले. शिकवायला कोणी नव्हतं, जुने ब्लाऊज उसवून उसवूनच शिकले. त्याच हातांनी मागच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या कॉम्प्युटरचं काम केलं म्हटलं की बायका हसतात. हसू द्या.

माझी सून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. ट्रॅक्टरमधलं इंजिन, ब्रेक, मीटर या सगळ्यांचे छोटे कॉम्प्युटर असतात म्हणे, आणि ते एकाच तारेवर एकमेकांशी बोलतात. ते बोलणं ओळखणारा प्रोग्रॅम ती बनवते. त्यात लिहिणं थोडंच. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि रेघांनी जोडायचे. तर झालं असं, ती स्कूटीवरून पडली अन् उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. साहेबांना तिचं घरून काम करणं आधीच पटत नव्हतं. ते म्हणाले, सोमवारी चाचणी दाखवा, नाहीतर पुण्याला येऊन बसा. म्हणजे मुलगा इथं दुकानात आणि ती तिकडं एकटी खोलीत. त्या रात्री ती अर्धीच जेवली.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, तुमी माऊस धरता का? मी सांगतो तसं करा."

"मले काय कळते त्यातलं?"

"कात्री चालवता ना? मग झालं."

आमचे हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "आता काय ट्रॅक्टरले ब्लाऊज शिवून राह्यली का?"

बसले मी. आधी डेटाबेस करायचा. तो सगळ्यांना पोटात घेणारा. त्यात क्लस्टर, म्हणजे एका तारेवर बोलणाऱ्यांचं कुटुंब. क्लस्टरात फ्रेम, म्हणजे एका खेपेला जाणारा निरोप. आणि फ्रेममध्ये सिग्नल, म्हणजे निरोपातला एकेक आकडा : एक वेगाचा, एक इंजिनच्या तापमानाचा. प्रत्येकाला नाव द्यायचं, कोणाच्या पोटात बसवायचं ते रेघ ओढून सांगायचं, आणि सिग्नल फ्रेमच्या कितव्या घरापासून सुरू होतो ते भरायचं. सून शेजारी बसून डाव्या हाताचं बोट दाखवायची. मला तर मजाच वाटायला लागली. शेवटच्या सिग्नलला ती म्हणाली, "हे तुमीच भरा," आणि चहा ठेवायला गेली, तोही एका हातानं.

भरलं. चालवलं. लाल खूण! एक सिग्नल दुसऱ्यावर चढला म्हणे.

सुनेनं वाकून पाहिलं. "आई, तापमान कुठून सुरू केलं तुमी?"

"शून्यापासून."

"काहून?"

"काहून म्हणजे? छातीचं माप घे का बाहीचं, टेप शून्यापासूनच लागते ना!"

ती इतकी हसली की प्लास्टरचा हात धरून बसली. मला वाटलं, आता ओरडते. सोमवार तोंडावर आलेला, ओरडली असती तरी मी काय म्हणणार होते? पण ती म्हणाली, "आई, फ्रेमले टेप नका समजू, कापड समजा. पाठ जिथवर कापली, त्याच्या पुढं बाही बेतायची. एकावर एक कापसान तर काय उरते?"

आता हे मला कोणी सांगावं! वेग जिथं संपतो, त्याच्या पुढच्या घरापासून तापमान सुरू केलं. लाल खूण गेली. पडद्यावर दोन आकडे वेगवेगळे हलायला लागले आणि मी टाळीच वाजवली.

सोमवारी साहेबांनी पुण्याहून व्हिडिओवर सगळं पाहिलं. प्लास्टर पाहून विचारलं, मग हे केलं कोणी? सुनेनं कॅमेरा सरळ माझ्याकडे वळवला. मी घाईनं पदर सावरला. साहेब म्हणाले, "ठीक आहे मॅडम, तिथूनच चालू द्या."

सून इथंच आहे. ती अन् मुलगा संध्याकाळी एकत्र जेवतात. माझ्या वयात कोणी मला नवीन काही शिकवलं, चुकले तर माझ्याच भाषेत समजावलं, हे काय थोडं झालं? तोंडावर तिला तसं म्हणायला गेले तर म्हणेल, "आई, कायले?" म्हणून इथं लिहिलं.