निळ्या साडीतली बाई

चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर माझ्याकडे कामं यायची ती मेलेल्या माणसांची. कुणीतरी आधार कार्डावरचा फोटो घेऊन यायचं आणि तेरवीच्या आत हार घालण्याजोगं चित्र मागायचं. हात चालत होता, पण मन त्यात उरलं नव्हतं.

अशात एक दिवस नदीपलीकडच्या कारध्याहून त्या आल्या. माझ्या वयाच्या कुणाही भंडारेकराला त्या आठवतील. नवरा जवाहरनगरच्या फॅक्टरीत साहेब. आम्ही कॉलेजात असताना त्या फॅक्टरीच्या बसमधून बाजारात उतरायच्या. स्लीव्हलेस ब्लाउज, डोळ्यांवर गॉगल, उंच टाचांच्या चपला. बायका त्यांना नावं ठेवायच्या आणि शिंप्याकडे जाऊन तसाच गळा शिवायला सांगायच्या.

आता सत्तरी ओलांडलेल्या. साधी सुती साडी, केस कसेबसे बांधलेले.

"सर, माझं चित्र काढून द्या. मोठं, तेलरंगातलं."

"जुना फोटो आहे का?"

"फोटो नाही. मी बसतो समोर. साडी तेव्हाची निळी नेसीन, चेहरा आताचाच काढा."

कारण त्यांनी सरळ सांगितलं. साहेबांचं डोकं आता काम करत नव्हतं. ते दिवसभर बायकोला शोधायचे, आणि समोरची ही म्हातारी त्यांना कामवाली वाटायची.

"एक दिवस मी तीच निळी साडी नेसून उभी राहिली. तर म्हणाले, बाई, ही माझ्या बायकोची साडी आहे, ठेवून द्या." त्या जराशा हसल्या. "माणसाचं ऐकून नाही राहिले. चित्राचं ऐकतात का पाहू."

मी नको म्हणणार होतो. गुडघे दुखत होते, डोळ्यांनाही त्रास होता. पण कित्येक वर्षांत कुणी जिवंत माणूस माझ्यासमोर बसलं नव्हतं.

महिनाभर मी पूल ओलांडून त्यांच्या घरी गेलो. साहेब पलीकडच्या खोलीत असायचे. त्या निळी साडी नेसून, लिपस्टिक लावून, ताठ बसायच्या. दहा मिनिटांत मान कलायची. साहेब रात्री झोपू देत नसत.

"झोप लागली तर उठवा, सर," त्या म्हणायच्या. मी कधी उठवलं नाही. त्या झोपल्या की हात रंगवायचो, साडीच्या चुण्या रंगवायचो. चेहरा मात्र जागेपणीचा रंगवला. डोळ्यांखालचं काळं पुसून टाकावं असं एकदा वाटलं, पण तसंच राहू दिलं.

रंग वाळल्यावर साहेबांच्या पलंगासमोर चित्र टांगलं. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"आली का तू? किती वाट पाहून राहिलो मी."

त्या दाराशी उभ्या होत्या. दोन पावलं पुढे आल्या. साहेबांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बाई, हिच्यासाठी चहा मांडा. पहा न, किती थकून आली ती."

मला खाली बघावंसं वाटलं. त्यांनी आत जाऊन चहा केला, एक कप साहेबांच्या हातात दिला, एक मला. तिसरा घेऊन चित्राखालच्या खुर्चीवर बसल्या आणि स्वतःच प्यायल्या. साहेब चित्राशी बोलत होते, फॅक्टरीतलं काहीबाही सांगत होते. त्या मध्येच "हो", "मग?" म्हणायच्या. साहेबांना ते उत्तर चित्राकडूनच आल्यासारखं वाटत असावं.

निघताना मी म्हटलं, "चित्र घेऊन जाऊ का परत?"

"काहून? राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्यांची बायको भेटली त्यांना. आता शोधत फिरत तर नाहीत."

पुलावर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. दोनदा थांबून दम घेतला आणि घरी गेलो.